सुतळीचं दुसरं टोक

दुपारची जेवणं उरकली की अनसाबाई सोप्यात वाकळ टाकून पाठ टेकते. झोपायचं नसतं. घटकाभर डोळे मिटायचे, एवढंच; आणि हे ती सुनेला रोज न चुकता सांगते, जशी काही दुपारची झोप म्हणजे चोरीच. आजही सांगितलं. सून म्हणाली, पडा की आत्या, उद्या हे आल्यावर कुणाला सवड मिळायचीय.

हे म्हणजे रणधीर. अनसाबाईचा एकुलता एक, पलटणीत नाईक. नऊ महिन्यांनी दिवाळीच्या रजेवर येतोय, उद्या सकाळच्या एसटीनं. ऋतुजाची सकाळपासून लगीनघाई चाललीय. आतली खोली लख्ख पुसली, पलंगावर नवी चादर घातली, आणि काल कासारीण दारात आली तेव्हा दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. आता ती स्वयंपाकघरात करंज्या भरतेय आणि बांगड्यांची किणकिण सोप्यापर्यंत येतेय.

एवढ्या आवाजावर कुणालाही गोड झोप लागावी. अनसाबाईचा मात्र डोळा लागत नाही. जेवताना ऋतुजा लाजत लाजत बोलून गेली, या खेपेला त्यांना वर स्लॅबवर झोपू देणार नाही म्हणून. परवा सकाळी मीच चहा नेणार, आणि हलवून उठवणार. ते ‘हलवून’ ऐकलं आणि अनसाबाईचा हातातला घास हातातच राहिला.

त्याचं कारण जुनं आहे. अनसाबाईचे मालक हवालदार बाळकू शेलार, त्यांना वारून दीड वर्ष झालं. तरणेपणी ते श्रीलंकेच्या लढाईवर गेले होते. धडधाकट परत आले, आंबेखिंड गावानं हलगी लावून वेशीतनं घरापर्यंत आणलं. त्यानंतर आठव्या दिवशी अनसाबाईनं सकाळचा चहा नेला, खांद्याला हात लावून हलवलं, आणि हवालदारांनी डोळे न उघडता तिचा गळा धरला. सुटायच्या धडपडीत हातातल्या बांगड्यांचा चुरा झाला, काच मनगटात रुतली. जागे झाले तेव्हा तिच्यापेक्षा तेच जास्त कापत होते.

त्याच दिवशी त्यांनी सुतळी आणली. एक टोक उजव्या पायाच्या अंगठ्याला, दुसरं दाराच्या कडीला. लांबनं ओढायचं, म्हणाले. खंदकात आम्ही असंच करायचो. दोघा-दोघांची जोडी, अंगठ्याला अंगठा सुतळीनं जोडलेला, तोंडातनं आवाज काढायचा नाही. दोनदा ओढली म्हणजे आपला माणूस, पाळी बदलली. एकदा ओढली म्हणजे धोका.

मग पस्तीसेक वर्षं त्या घरात हवालदारांना कुणी हात लावून उठवलं नाही. रणधीर लहान असताना त्याला वाटायचं, सगळ्यांच्याच बापाच्या पायाला सुतळी असते. शाळेत तसं सांगून आला, पोरं हसली, आणि घरी आल्यावर बापानं बजावलं की घरातलं घरात ठेवायचं. अनसाबाईनं तर तोंडाला कुलूपच घातलं. सुतळी असली तरी वर्षातनं एखाद-दोनदा झोपेत हात चालायचाच. कासारीण विचारायची, तुझ्या हातात बांगडी कशी गं टिकत नाही, तर ही म्हणायची, विहिरीवर वाढवल्या. बांगडी फुटली असं सवाष्ण म्हणत नाही, आणि फौजीची बायको तर मुळीच नाही.

हवालदार गेले त्या दिवशी भावकीतल्या माणसांनी प्रेताचे अंगठे बांधायला काही आहे का म्हणून इकडंतिकडं बघितलं. पलंगाशी सुतळी लोंबतच होती. त्या सुतळीनंच बांधले, आणि ती त्यांच्याबरोबर जळून गेली. अनसाबाई ऊर बडवून रडली, ते खरंच होतं. पण आत कुठंतरी बाईला हलकंही वाटलं. सुतळी गेली, घरातली ब्याद गेली, असं तिनं धरलं. तिथंच ती चुकली.

कारण मागच्या रजेत, ऐन संक्रांतीच्या थंडीत, रणधीर बारा दिवस स्लॅबवर एकटा झोपला. उकडतंय म्हणाला. आणि निघायच्या आदल्या दिवशी आईजवळ येऊन हळूच म्हणाला, “आई, मला हात लावून कुणी उठवू नका.” त्याच्या बापाचं वाक्य, जसंच्या तसं. अनसाबाईला कळायचं ते कळलं, आणि कळून ती गप्प बसली. तो गेल्यावर ऋतुजा डोळे पुसत विचारायला आली, की आत्या, त्यांचं माझ्यावरनं मन उडालंय का, दुसरी कुणी आहे का. तेव्हाही ही म्हणाली, दमून येतोय गं, फौजेची नोकरी. संकटाचं नाव घेतलं की ते दारात येतं, असं तिचं आपलं एक. शिवाय लाज. सुनेचं माहेर काय म्हणेल, शेलारांच्या घरात वेड आहे म्हणेल. म्हणून आजही तिनं हातातला घास तोंडात घातला आणि म्हणाली, उठव की, तुझा नवरा आहे.

वाकळीवर कूस बदलताना तेच वाक्य तिला टोचतंय. उठल्यावर सांगू, असं ती ठरवते. रोजच ठरवते. पायाशी उन्हाचा पट्टा आहे, आत किणकिण चालू आहे, आणि पापण्या जड होतात.

किणकिण थांबते.

उन्हाचा पट्टा आता पायाशी नाही. दाराबाहेर काहीतरी वाजतं, ठप. मग थोड्या वेळानं परत, ठप. दोन्ही पाय जुळवून कुणी उडी मारत यावं तसं. अनसाबाईला मान उचलायची नाही, पण मान आपोआप उचलते.

उंबऱ्यात हवालदार आहेत. अंगात हिरवी वर्दी, चिंब ओली, बाह्यांमधनं पाणी गळतंय. पायांचे अंगठे सुतळीनं एकमेकांना बांधलेले, म्हणून पाऊल टाकता येत नाही. तसेच जोडपायानं ते उंबरा ओलांडतात. ठप. डोळे मिटलेत आणि श्वास संथ चाललाय. हवालदार गाढ झोपेत आहेत. मेलेलं माणूस झोपेत चालत घरात येतंय हे बघून अनसाबाई वाकळीवर उठून बसते.

“अहो, तुम्ही गेलाय,” ती म्हणते.

“गेलोय,” हवालदार म्हणतात. “पण मला उठवलं कुणी नाही.”

आता याला काय म्हणायचं? बाई घाबरून अर्धमेली झालीय, आणि तोंडातनं निघतं काय, तर बसा, चहा टाकते. सवय दुसरं काय. ती उठून आत जाते. ऋतुजा नाही. परातीत करंज्या नीट ओळीनं मांडलेल्या आहेत. त्यातली एक उकलते आणि तिच्यातनं तांबडी माती सांडते. मग दुसरी, मग सगळ्याच. माती ओट्यावरनं खाली येते, फरशीवर पसरते, अनसाबाईच्या घोट्यापर्यंत चढते. पिठाच्या डब्यामागं ताडाची झाडं उभी आहेत. हवालदार एकदा म्हणाले होते, तिकडं वारा सुटला की ताडाची पानं वाजतात आणि माणसं चालत आल्यासारखं वाटतं. पानं वाजतायत. माणसं किती आहेत ते तिला मोजता येत नाही.

ती गॅस बंद करायला वळते, तर समोर एसटी स्टँड. रणधीर भरती झाला तेव्हा ती सोडायला आली होती, तोच फलाट, तेच रसवंतीचं गुऱ्हाळ, पण घुंगरं वाजत नाहीत. फलाटावर तरणी पोरं रांगेत उभी आहेत, हातात बॅगा, पाय अनवाणी, आणि प्रत्येकाच्या अंगठ्याला सुतळी. कंडक्टर एकेकाजवळ जाऊन गाठ ओढून बघतो आणि आत सोडतो. एकही आई रडत नाही. सगळ्या हसून हात हलवतायत, आणि अनसाबाईच्या लक्षात येतं की आपणही हसतोय. तिला हसू आवरत नाही. जबडा दुखतो तरी आवरत नाही.

रणधीर खिडकीशी बसलाय. काचेला डोकं टेकून झोपलाय. अंगावर वर्दी, पण तोंड सहा वर्षांच्या पोराचं. अनसाबाई खिडकीकडं धावते, त्याच्या गालाला हात लावायला हात वर करते.

“हात लावू नकोस,” मागनं हवालदार म्हणतात.

बस हलते. खिडकीतनं सुतळी खाली लोंबतेय, ती बसबरोबर सरपटत चाललीय, भराभर, अनसाबाईच्या पायांजवळनं. टोक आता निघून जाणार. “धर,” हवालदार म्हणतात, आणि ती वाकून धरते.

धरते तेव्हा ती खंदकात बसलेली असते. कमरेएवढं पाणी, दोन्ही बाजूंना तांबड्या मातीची भिंत, वर पांढरं आभाळ, पहाटेचं की संध्याकाळचं ते कळत नाही. तिच्या हातातली सुतळी पाण्यावरनं पुढं जाते आणि खंदकाच्या वळणापलीकडं दिसेनाशी होते. शेजारी हवालदार, मिटल्या डोळ्यांनी. त्यांच्या वर्दीला ओल्या चुन्याचा वास येतोय.

“पलीकडं कोण हाय?” ती विचारते.

“माझ्या वेळी मोहित्या होता.”

मोहित्या. हे नाव तिनं उभा जन्म ऐकलंय. सुतळीची जोडी केशव मोहित्याची होती आणि तो परत आला नाही, एवढंच तिला माहीत. पण हवालदार झोपेत बरळायचे, एकदाच ओढलीस रं मोहित्या, एकदाच ओढलीस, आणि ती अंथरुणात बसून पदर तोंडात कोंबून ऐकायची. त्याचा अर्थ तिनं कधी विचारला नाही. विचारलं तर सांगतील, याचंच तिला भ्या वाटायचं. आता ती विचारते.

हवालदार सावकाश सांगतात, जसं काही शेतातल्या पाळीचं सांगतायत. त्यांची झोपायची पाळी होती, मोहित्याची जागायची. अंगठ्याला हिसका बसला. एकदा. ते जागे झाले, कान देऊन ऐकलं, कुठं काही नाही. वाटलं, बसल्या बसल्या डुलकी लागून याचा पाय हलला असेल. दुसरा हिसका बसला तर उठू म्हणून तसेच पडून राहिले.

“दमलो होतो गं,” ते म्हणतात. “चार दिवस डोळ्याला डोळा लागला न्हवता. दुसऱ्या हिसक्याची वाट बघत पडलो, त्यो आलाच न्हाई. मग मी ओढली, तर सुतळी हलकी आली.”

ते हात वर करतात. हातात सुतळीचा गुंडाळा आहे, ओला, आणि त्याला टोक नाही.

पाणी कमरेवरनं छातीला लागलंय. ती म्हणते, मग त्या दिवसापासनं तुम्ही झोपलाच न्हाई म्हणा. हवालदार म्हणतात, झोपलो की, रोज झोपलो, पण सगळा जीव त्या अंगठ्यात ठेवून. मग ते तोंड तिच्याकडं वळवतात. डोळे मिटलेलेच.

“पोरानं तुला कधी ओढली?”

ती पाण्याकडं बघते.

“अनसा, कधी ओढली?”

“संक्रांतीला,” ती म्हणते. “एकदा.”

“मग उठलीस का?”

आणि इथं अनसाबाईला रडू फुटतं. भ्या वाटलं, ती म्हणते. मला भ्या वाटलं हो. आयुष्यभर गळ्याला हात लावून झोपले, पुन्हा तेच नको वाटलं. हवालदार मान हलवतात. “मलाबी भ्याच वाटलं हुतं,” ते म्हणतात, आणि हा आवाज हवालदारांचा नाही. तो रणधीरचा आहे.

सुतळीला हिसका बसतो.

तिच्या मुठीत, स्पष्ट. एकदा. अनसाबाई श्वास रोखते आणि दुसऱ्याची वाट बघते. वळणापलीकडं ताडाची पानं वाजतायत. दुसरा येत नाही. पाणी गळ्याला लागतं, आणि मग ती दोन्ही हातांनी ओढायला लागते. सुतळी येते. वावभर येते, दोन वाव येते, हलकी, भिजलेली, काही अडत नाही, काही जड लागत नाही. देवा, काहीतरी जड लागू दे, ती म्हणते. वळणापाशी किणकिण वाजते. पाण्यावरनं हिरवं काहीतरी तरंगत जवळ येतंय. सुतळीत ओवलेल्या बांगड्या आहेत, एकीमागं एक, कोऱ्या करकरीत, काल कासारणीनं भरलेल्या.

तेवढ्यात मागनं तिच्या खांद्यावर हात पडतो.

विचार करायला वेळच मिळत नाही. हात आपणच वळतात, एक मनगट धरतो, दुसरा गळ्याकडं जातो.

“आत्या, मी हाय. आत्या, मी ऋतुजा.”

सोपा आहे. उन्हाचा पट्टा आहे. चहाचा कप वाकळीवर उलटा पडलाय आणि चहा पसरत चाललाय. अनसाबाईच्या उजव्या मुठीत ऋतुजाचं मनगट आहे, आणि डावा हात पोरीच्या गळ्याशी पोचलाय, मंगळसूत्रासकट धरलंय. तिला तो हात ओळखायला क्षणभर लागतो. आपलाच आहे. एकेक बोट सोडवावं लागतं.

वाकळीवर हिरव्या काचा पडल्यात. पाच बांगड्यांच्या. ऋतुजाच्या मनगटातनं बारीक रक्त येतंय, पण ती जखमेकडं बघतच नाही. ती काचांकडं बघतेय. उद्या नवरा यायचाय, आणि आज त्याच्या नावानं भरलेल्या बांगड्यांचं हे झालं. तिचे ओठ पांढरे पडलेत. ती काचा गोळा करायला बसते आणि पुटपुटते, “वाढवल्या... माझंच चुकलं, आत्या, मी तुम्हाला हलवायला नको होतं. कुणी विचारलं तर मोरीत घसरले म्हणून सांगीन.”

अनसाबाई ऐकते. पस्तीस वर्षांमागचं आपलंच बोलणं, दुसऱ्या तोंडातनं. विहिरीच्या जागी मोरी, बाकी सगळं तेच.

“मोरीचं काही सांगू नकोस,” ती म्हणते. “मी फोडल्यात. झोपेत. बस खाली, तुला जे सांगायचंय ते संक्रांतीलाच सांगायला पाहिजे होतं.”

ती सुनेचा हात धुते, हळद दाबते, आणि मग आपला हात तिच्या हातापाशी धरते. मनगटाच्या आतल्या बाजूला पांढरा वण. जागा तीच. मग ती बोलायला लागते आणि मधे थांबत नाही. लंकेची लढाई, सुतळी, मोहित्या, कासारणीला मारलेल्या थापा, स्लॅबवरच्या बारा रात्री, सगळं. आपण मुद्दाम गप्प राहिलो, हेही सांगते. ऋतुजा चिडेल, उठून माहेरी फोन लावेल, असं तिला वाटत होतं. पोरगी खाली मान घालून ऐकते आणि शेवटी एकच विचारते.

“म्हणजे त्यांचं माझ्यावरनं मन उडालं न्हाई?”

“न्हाई गं बाई. तुला काही होऊ नये म्हणून तो वर जाऊन झोपत होता.”

तेव्हा कुठं ऋतुजा रडते. चिडतेही, आत्या, नऊ महिने मी उशीत तोंड खुपसून रडले, तुम्ही बघत होता, असं सुनावते, आणि अनसाबाई ऐकून घेते. ऐकायलाच पाहिजे होतं. मग नाक पुसून पोरगी म्हणते, यावर औषधपाणी असतं, डॉक्टर असतात, माझ्या मावसबहिणीच्या मालकांना साताऱ्याला दाखवलं होतं. आले की त्यांच्याशी बोलते. अनसाबाई म्हणते, बोल, पण ते होईपर्यंत सकाळी उठवायचं कसं, ते आधी शिकून घे.

गव्हाच्या पोत्याचं तोंड शिवलेली सुतळी ती उसवते. वाकळीवर चहाचा डाग आहे, त्यातच परत आडवी होते, आणि उजवा पाय पुढं करते. आधी माझ्या अंगठ्याला बांध, म्हणते. गाठ घट्ट नको, काचायला नको. टोक घेऊन उंबऱ्याच्या बाहेर जा. मी डोळे मिटते. दोनदा ओढायची. दोनच.

ऋतुजा बांधते आणि सुतळी सोडत सोडत बाहेर जाते. राहिलेल्या बांगड्या हातात वाजत जातात, मग तो आवाज थांबतो. अनसाबाई डोळे मिटते. पाठीखाली एक काच राहून गेलीय, ती टोचतेय, पण ती हलत नाही. मिटल्या डोळ्यांपुढं पांढरं आभाळ येऊ बघतं. कुठंतरी पाणी ठिबकतंय.

अंगठ्याला हिसका बसतो. एक.

ताडाची पानं वाजतायत का, ते ती ऐकते.

मग दुसरा बसतो, आणि अनसाबाई उठून बसते.